पहिली मिनेसोटा पलटण आणि आमची गेटिसबर्गची वारी

दिवस पहिला : फोर्ट स्नेलिंग

कॉर्पोरलनं माझ्या हातात कागदाची एक पुंगळी दिली आणि म्हणाला, दातांनी फाडा. मी फाडली. जिभेला आधी खारट लागलं, मग कडू, आणि नाकात लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात येतो तो वास. "चरबी नाही ना लावलेली?" मी मराठीत पुटपुटलो. जावईबापूंनी भाषांतर केलं नाही, नुसते हसले.

पण अगदीच थट्टा नव्हती ती. इथल्या बऱ्याच जणांच्या खांद्यावर १८५३ च्या एन्फिल्डची हुबेहूब नक्कल होती. जिच्या काडतुसांवरून १८५७ च्या मार्चमध्ये बराकपूरला मंगल पांडे उठला, तीच ही ठासणीची बंदूक. चार वर्षांनी अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा दोन्ही बाजूंनी इंग्लंडातून या एन्फिल्ड लाखांनी मागवल्या. शाळेत 'काडतूस' हा शब्द शंभरदा वाचला असेल, तोंडात आज पहिल्यांदा गेला.

आम्ही म्हणजे मी, ही, लेक आणि जावईबापू. मी अमरावतीच्या एका बँकेतून निवृत्त झालो आणि तीन महिने मिनियापोलिसला लेकीकडे येऊन बसलो. कॉर्पोरल हा जावईबापूंच्या ऑफिसातला. सोमवार ते शुक्रवार सर्व्हर सांभाळतो आणि शनिवार-रविवारी १८६१ सालात जातो, म्हणजे त्या यादवीतल्या पहिल्या मिनेसोटा पलटणीचा गणवेश चढवून तिची हुबेहूब कवायत करतो. नाव लिहू नका म्हणालाय, म्हणून कॉर्पोरल.

फोर्ट स्नेलिंग हा चुनखडीच्या दगडाचा किल्ला, मिनेसोटा नदी मिसिसिपीला मिळते त्या संगमावरच्या कड्यावर. आपल्या डोळ्यांना किल्ला म्हणवत नाही, भिंती बुटक्या आहेत. पण जागा मात्र हेरलेली आहे. १८६१ च्या एप्रिलमध्ये फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी सम्टरच्या किल्ल्यावर तोफा डागल्या तेव्हा मिनेसोटाचे गव्हर्नर अलेक्झांडर रॅमझी कामानिमित्त वॉशिंग्टनलाच होते. त्यांनी तिथल्या तिथे हजार माणसं देऊ केली. राज्याला तीन वर्षंही पुरी झाली नव्हती आणि लिंकनच्या हाकेला ओ देणारं पहिलं राज्य हेच ठरलं. २९ एप्रिलला याच किल्ल्यात पलटणीनं शपथ घेतली. लाकूडतोडे, शेतकरी, कारकून, मास्तर. गणवेश नव्हते, म्हणून राज्यानं लाल फ्लॅनेलचे सदरे, काळ्या विजारी आणि काळ्या हॅट वाटल्या. पहिली मोठी लढाई ते त्या लाल सदऱ्यांतच लढले.

आज पटांगणात चौदा जण होते, निळ्या लोकरी कोटात. ऊन तीस अंशांच्या वर. चौदांत पन्नाशीच्या आतले मला चारच दिसले. पोटं सुटलेली, एकाच्या कानात ऐकायचं यंत्र. सार्जंट हुकूम सोडत होता आणि नऊ हुकुमांत बंदूक भरायची कवायत चालली होती : काडतूस काढ, दातांनी फाड, नळीत ओत, गज काढ, ठास, गज परत, तांब्याची इवलीशी टोपी चढव. कसलेला शिपाई हे सगळं मिनिटात तीनदा करायचा म्हणे. या चौदांना एकदा करायला मिनिट लागलं. पण हात चुकत नव्हते. भरतीच्या वेळी समोरचे दात पाहायचे, कारण दात नाहीत तर काडतूस फाडणार कसं. हे ऐकून हिनं माझ्या कवळीकडे पाहिलं.

नवख्याला हे लोक 'फ्रेश फिश' म्हणतात. कपड्यात-सामानात खोट ठेवणारा तो 'फार्ब' : मनगटी घड्याळ, नायलॉनचा दोरा, रबरी तळवा. ही मोठी शिवी. कॉर्पोरलच्या कोटाची काजं हातानं शिवलेली आहेत, ती त्यानं मला उलटून दाखवली. आणि मग विचारलं, "तुम्ही हत्ती पाहिलाय का?" मी म्हटलं, हो, ताडोबाकडे जाताना एकदा, आणि लहानपणी सर्कशीत. तो हसून लोटपोट. त्या काळचे शिपाई पहिली लढाई पाहिली की 'हत्ती पाहिला' असं म्हणायचे.

किल्ल्याची दुसरी बाजू गाईडबाईंनी न मागता सांगितली, हे मला आवडलं. १८३० च्या दशकात इथल्या एका लष्करी डॉक्टरनं ड्रेड स्कॉट नावाचा गुलाम ठेवला होता. गुलामीला बंदी असलेल्या मुलखात राहिलो म्हणून मी स्वतंत्र, असा त्यानं दावा लावला. सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला तोही १८५७ च्या मार्चमध्येच. आणि पहिली पलटण पूर्वेला लढत होती तेव्हा याच कड्याखाली इथल्या मूळच्या डकोटा लोकांची सुमारे १,६०० माणसं, बहुतेक बायका-मुलं आणि म्हातारे, १८६२-६३ चा हिवाळाभर कुंपणात डांबली होती. २६ डिसेंबर १८६२ ला मॅनकेटोला अडतीस डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं. गुलामी मोडायला निघालेलं सरकार हेच. कॉर्पोरल खाली मान घालून ऐकत होता, मध्ये काही बोलला नाही.

दिवस दुसरा आणि तिसरा : रस्ता

सतराशे किलोमीटर. विस्कॉन्सिन, इलिनॉय, इंडियाना, ओहायो, पेनसिल्व्हेनिया. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी ओहायोपर्यंत पुरली. रस्त्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही, मक्याची शेतं आणि टोलनाके.

लेकीनं विचारलं, बाबा, तुम्हाला या लढाईचं एवढं काहून? मग कापूस सांगितला. युद्ध सुरू झालं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बसल्या. त्यांनी मोर्चा मुंबईकडे वळवला. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत रोज नवी कंपनी निघायची, समुद्र बुजवायचे शेअर निघाले, प्रेमचंद रायचंद म्हणजे बाजाराचा राजा झाला. १८६५ ला इकडे दक्षिणेनं शस्त्रं ठेवली आणि तिकडे भाव कोसळला. कंपन्या बुडाल्या, खुद्द प्रेमचंद बुडाले. त्यांनी त्याआधी देऊ केलेल्या पैशातून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर मात्र उभा राहिला. भाव पडला तो शेतकऱ्याच्या मानेवर, आणि चढ्या भावाच्या वेळी घेतलेलं कर्ज तसंच राहिलं. आमच्या आजोबांच्या तोंडी 'अमेरिकेची लढाई' हा शब्द होता, कुठली ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"अवं बाप्पा, म्हणजे आपल्या कर्जाची चौकशी कराले चाललो आपण," ही म्हणाली आणि झोपली.

दिवस चौथा : २ जुलै

गेटिसबर्ग हे लहानसं टुमदार गाव आणि भोवती मैलोन्‌मैल रणांगण. १३०० च्या वर स्मारकं आहेत. कुठेही उभं राहा, नजरेत चार दगड आणि दोन तोफा असतातच. १ ते ३ जुलै १८६३, तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१,००० मेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा हरवले.

पहिल्या मिनेसोटाचं स्मारक सेमेटरी रिजवर, म्हणजे उत्तरेच्या फळीच्या मधोमध. उंच दगडी चौथऱ्यावर काशाचा शिपाई पळतोय, संगीन पुढे रोखलेली. १८९७ चं काम. सगळीकडे घोड्यावर ऐटीत बसलेले सेनापती आणि इथे हा एकटा पळणारा. मला यातलं हेच सर्वांत चांगलं वाटलं.

गोष्ट अशी. २ जुलैच्या संध्याकाळी उत्तरेच्या जनरल सिकल्सनं हुकमाबाहेर जाऊन आपलं सैन्य पुढे नेलं होतं आणि ते मोडून मागे पळत सुटलं होतं. फळीत भगदाड पडलं. समोरून दक्षिणेच्या जनरल विल्कॉक्सच्या, अलाबामाच्या पाच पलटणी चालून येत होत्या. कुमक यायला मिनिटं लागणार होती आणि जनरल हॅन्कॉकला ती पाच मिनिटं हवी होती. जवळ पाहिलं तर ही एकच पलटण, तीही आठ कंपन्यांची, २६२ माणसं. कोणती पलटण? पहिली मिनेसोटा. तो अलाबामाचा झेंडा घ्या. बस्स, एवढंच बोलणं झालं.

कर्नल विल्यम कोल्व्हिल हा साडेसहा फुटाच्या आसपासचा माणूस. गंमत म्हणजे तो आदल्या दोन-तीन दिवसांत अटकेत होता. पन्नासेक किलोमीटरच्या एका दिवसाच्या चालीत वाटेत ओढा लागला, वरून हुकूम होता की पाण्यातूनच जा, वेळ दवडू नका. ओल्या बुटांनी पाय फुटतात म्हणून यानं माणसांना ओंडक्यावरून जाऊ दिलं. त्याबद्दल अटक. लढाईच्या दिवशी सोडलं. ज्यांचे पाय जपले त्यांनाच घेऊन हा माणूस त्या उतारावरून गेला.

संध्याकाळी सातच्या सुमारास आम्ही तो उतार चाललो. रणांगण राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आहे आणि तिथे नकली लढाईला बंदी आहे. दोन फळ्यांनी एकमेकांवर बंदुका रोखायच्या नाहीत, मेल्याचं सोंग करायचं नाही. म्हणून कॉर्पोरल आणि त्याचे चार सोबती गणवेशात, पण बंदुकांशिवाय आले होते. आम्ही चौघं, आणि स्मारकापाशी भेटलेलं आयोवाचं एक जोडपं. एकूण अकरा. खाली प्लम रन नावाचा ओढा आहे, ओढा कसला, नालीच. तीनशे यार्डांच्या आतबाहेर. गवत गुडघ्याला लागत होतं, माझा डावा गुडघा कुरकुरत होता. कोणी बोलत नव्हतं. कॉर्पोरलच्या बुटांच्या टाचांना लोखंडी नाल आहेत, त्या दगडावर वाजल्या की तेवढाच आवाज.

चार मिनिटं लागली. आमच्या कॉलनीतून दुधाच्या डेअरीला जायला मला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

ओढ्यापाशी थांबून कॉर्पोरल म्हणाला, "स्मारकावर लिहिलंय ते असं : २६२ निघाले, २१५ पडले. हरवलेला एकही नाही." इतिहासकार या आकड्यावर अजून भांडतात, कोणाला मोजायचं आणि कोणाला नाही यावरून. तेही त्यानं सांगितलं. मग त्यानं आम्हा अकरा जणांवरून नजर फिरवली, शिक्षक पटावरून फिरवतात तशी. "आपल्यातले नऊ." आयोवाच्या बाईंनी नकळत मोजायला बोट उचललं आणि अर्ध्यात खाली घेतलं.

"चला," ही म्हणाली, "डास चावून राह्यले."

परत चढ चढताना दोनदा बसलो. पडलेल्यांत कोल्व्हिलही होता, खांद्यात आणि पायात गोळ्या घेऊन. तो जगला, पुढे मिनेसोटाचा ॲटर्नी जनरल झाला. अलाबामावाले ओढ्यापाशी अडकले ते अडकलेच, आणि हॅन्कॉकला त्याची मिनिटं मिळाली.

दिवस पाचवा : ३ जुलै

सकाळी राष्ट्रीय दफनभूमी. मिनेसोटाच्या वाट्याला ५२ थडगी, अर्धवर्तुळात, जमिनीलगत दगडी पट्टी आणि त्यावर नावं. जवळच संगमरवरी कलश आहे, पलटणीच्या उरलेल्या लोकांनी १८६७ मध्ये बसवलेला. एवढ्या मोठ्या रणांगणावरचं पहिलं स्मारक ते. लिंकन इथेच नोव्हेंबर १८६३ मध्ये दोन मिनिटं बोलला.

उरलेले ३ जुलैला पुन्हा फळीत होते, दक्षिणेच्या जनरल पिकेटच्या चढाईसमोर. त्यांच्यातला मार्शल शर्मन नावाचा शिपाई अठ्ठाविसाव्या व्हर्जिनिया पलटणीचा झेंडा हिसकावून घेऊन आला. तो झेंडा आजही मिनेसोटाच्या इतिहास संस्थेत आहे. व्हर्जिनिया परत मागतं, मिनेसोटा देत नाही. जेसी व्हेंचुरा नावाचे गव्हर्नर होते, मूळचे कुस्तीगीर, त्यांना विचारलं तर त्यांचं उत्तर साधारण असं : का द्यायचा? जिंकलो तर आम्ही ना? कॉर्पोरल हे सांगताना पोरासारखा खुलला. मी म्हटलं, आमच्याकडे जगदंबा तलवारीचं असंच चालू असतं, फक्त आम्ही मागणाऱ्यांच्या बाजूला आहोत.

दिवस सहावा

४ जुलै. फटाके. गुडघ्याला मलम.

दिवस सातवा : नकली लढाई

ही उद्यानाबाहेर, एका खासगी शेतावर. तिकीट काढून बाकांवर बसायचं, मक्याची कणसं खायची आणि लढाई पाहायची. मला आधी जरा ओंगळ वाटलं.

सकाळी छावणीत गेलो. पांढरे पाचरी तंबू, धूर, काळी कॉफी. हार्डटॅक नावाची बिस्किटं दिली : मैदा, पाणी, मीठ, आणि आच. दातानं तुटेना. सैनिक ती कॉफीत बुडवून, नाहीतर बंदुकीच्या दस्त्यानं फोडून खायचे. मी रुमालात बांधून ठेवलं.

तेवढ्यात गडबड उडाली. उत्तरेवाले जास्त झाले होते आणि दक्षिणेवाले कमी. म्हणजे मोठी चाल करायला शत्रूच पुरेना. कॉर्पोरलनं शांतपणे गाडीची डिकी उघडली. आत इस्त्री न केलेला एक करडा कोट, दक्षिणेचा. दोन्ही गणवेश जवळ ठेवायची रीत आहे, त्याला 'गॅल्व्हनाइझ' होणं म्हणतात, लोखंडावर जस्त चढवतात तसं. सकाळी मिनेसोटा, दुपारी अलाबामा. मला गडचिरोलीकडच्या वडशाच्या दिवसांची आठवण आली. झाडीपट्टीच्या एका नाटकात अफझलखानाचं काम करणारा आमच्या बँकेचा शिपाई होता. पोट फाडून मेल्यावरही तो मान वर करून बघायचा, आपला मुलगा समोर बसलाय की झोपला.

मैदानावर जायच्या आधी तपासणी झाली आणि ती मात्र गंभीर. सार्जंट प्रत्येकाच्या नळीत गज सोडतो, टण्ण वाजलं तर नळी रिकामी. गोळी नसते, नुसती बारूद. मैदानात गज बाहेर काढायचा नाही, कारण घाईत कोणी तो नळीतच विसरला तर बाण होऊन सुटेल. जवळ आलात तर नळी डोक्यावरून वर धरायची. संगीन चढवायची नाही.

मी कॉर्पोरलला विचारलं, "मग ती चढाई कशी करता? ती तर संगिनीचीच होती."

"करत नाही," तो म्हणाला.

जागा ती नाही, संगीन नाही. आणि तिसरं, पडायला कोणी तयार नसतं. हे मला बाकावर बसून दिसलं. धूर झाला, ओळी समोरासमोर आल्या, कानठळ्या बसल्या, आणि पहिली दहा मिनिटं एकही माणूस पडला नाही. शेकडो मैल गाडी हाकून, रात्र जागून काडतुसं वळून आलेला माणूस पहिल्याच फैरीत कशाला मरेल? मग काडतुसं संपायला लागली तसे एकेक पडू लागले. झाडाची सावली होती तिथे जास्त. एक लठ्ठ गृहस्थ पडण्याआधी दोन पावलं बाजूला सरकला, तिथे शेण होतं म्हणून. आमचा कॉर्पोरल करड्या कोटात गुडघा सांभाळत हळूच बसला, मग आडवा झाला आणि टोपी तोंडावर घेतली.

हसलो आम्ही. लेक तर खूपच. पण त्या शंभरेक आडव्या लोकांकडे पाहताना माझ्या डोक्यात शेकड्याचा हिशेब सुरू झाला, बँकेतली सवय. पंधराच्या पुढे जाईना. २६२ पैकी २१५, म्हणजे ब्याऐंशी टक्के दाखवायचे तर मैदानात जवळपास कोणी उभंच राहणार नाही आणि तिकीट काढून आलेले लोक म्हणतील, संपली का एवढ्यात?

नंतर करड्या बाजूच्या छावणीत एका गृहस्थानं मला समजावलं की युद्ध गुलामीवरून नव्हतंच, राज्यांच्या हक्कांवरून होतं. पाहुणा म्हणून गप्प बसणार होतो. पण १८६१ च्या जानेवारीत अलाबामानं फुटून निघण्याचा ठराव केला, त्यात सोबतीला बोलावलंय ते 'गुलाम बाळगणाऱ्या राज्यांना', असं शब्दांत आहे. ते मी सांगितलं. त्यानं मला लिंबूसरबत दिलं. राहणारा कुठला विचारलं, तर ओहायो. म्हणजे याचे पूर्वज लढले असतील तर बहुधा निळ्या कोटात.

शेवटचा दिवस : स्टिलवॉटर

दोन दिवस पुन्हा तोच मका, तेच टोलनाके. मिनियापोलिसला पोचल्यावर एक दिवस झोपलो आणि दुसऱ्या दिवशी कॉर्पोरल आम्हाला स्टिलवॉटरला घेऊन गेला. सेंट क्रॉय नदीकाठचं जुनं लाकडाच्या वखारींचं गाव. जुना उचलता पूल आता फक्त चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा. पहिल्या पलटणीची बी कंपनी या गावची.

१८८५ मध्ये या कंपनीच्या उरलेल्या चौतीस जणांनी एक मंडळ काढलं, नाव 'शेवटच्या माणसाचं मंडळ'. बर्गंडी दारूची एक बाटली बाजूला ठेवली. दरवर्षी २१ जुलैला, म्हणजे त्यांच्या पहिल्या लढाईच्या तारखेला, जमायचं, जेवायचं, गेलेल्यांच्या रिकाम्या खुर्च्या तशाच मांडून ठेवायच्या. जो सर्वांत शेवटी उरेल त्यानं बाटली फोडून बाकीच्यांच्या नावानं प्यायची. उरला तो चार्ल्स लॉकवूड. १९३० मध्ये त्यानं बूच काढलं. दारूचा शिरका झाला होता. तरी त्यानं घोट घेतला.

आम्ही पुलाच्या कठड्याला टेकून आइस्क्रीम खात होतो. कॉर्पोरल फोनवर काहीतरी पाहत होता. पुढच्या महिन्यात कवायत आहे, दोघांचे गुडघे गेलेत, एक जण मुलाकडे ॲरिझोनाला राहायला गेला, ओळीला माणसं कमी पडतायत. त्यानं फोन खिशात घातला आणि जावईबापूंच्या पायांकडे पाहिलं.

"बुटाचं माप काय तुझं?"

जावईबापूंनी लेकीकडे पाहिलं. लेक नदीकडे पाहत होती.

"नऊ," ते म्हणाले.